आरसीसीबी आहे, तरी शॉक का बसतो? घर आणि सोसायटी तपासण्याची पद्धत

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका जुन्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा डीबी, म्हणजे फ्यूज-खटक्यांचा मुख्य बॉक्स, बदलला. किटकॅट फ्यूज काढले, एमसीबी (ओव्हरलोड झाला की पडणारे खटके) बसवल्या आणि त्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरची नवी कोरी आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा खटका. आठच दिवसांनी त्याच घरात हॉलमधली ट्यूब काढून नवी पट्टी लावायला आमच्याकडचा एक मुलगा गेला. जुनी ट्यूब महिनाभर बंदच होती, त्यामुळे बोर्डावरच्या सहा बटणांतलं तिचं कुठलं हे बघून कळायला मार्ग नव्हता. त्याने एक बटण बंद केलं, टेस्टर लावला नाही आणि प्लास्टिकच्या स्टुलावर चढला. पायात रबरी चप्पल. दोन्ही वायरींची टोकं सोलून एकेका हातात धरली आणि तिथेच आवळला गेला. स्टूल कलंडलं म्हणून सुटला. मनगट मोडलं. दोन्ही हातांच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर मुगाच्या डाळीएवढे पांढरे डाग पडले होते, करंट एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडल्याच्या खुणा.

मी पोचलो तेव्हा आरसीसीबीचा खटका वरच होता. घरातल्या काकूंनी मला एवढंच विचारलं, "अरे, परवा ते नवीन बसवलंत ना? मग ते पडलं का नाही?"

काकूंचं बरोबर होतं. डीबी बसवून पैसे घेताना "आता शॉकची काळजी मिटली" असं आम्हीच सांगून आलो होतो. ते वाक्य चुकीचं आहे आणि ठाण्यात, नवी मुंबईत रोज कुठल्या ना कुठल्या घरात ते सांगितलं जातं. आरसीसीबी काय करते, कुठे तिचं काही चालत नाही आणि स्वतःच्या घरात हे कसं तपासायचं, ते इथे क्रमाने लिहितो. पुष्कळ लोक तिला अजून जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. आज दुकानात त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा आरसीसीबीच असतं.

आधी समजून घ्या, ती मोजते काय

घरात येणारा फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी), दोन्ही आरसीसीबीच्या आत एका चुंबकीय कड्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला तर सगळं ठीक. कमी परत आला, तर उरलेला मधेच कुठेतरी जमिनीकडे गळतोय. हा फरक ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचला की खटका पडतो. तिला कळतं ते एवढंच. पलीकडे गिझर आहे, ओली भिंत आहे की माणूस, हे तिला ओळखता येत नाही.

आमच्या मुलाच्या अंगातून करंट एका हातातून आत गेला आणि दुसऱ्या हातातून न्यूट्रलमध्ये परत आला. हिशोब जुळला. रबरी चप्पल आणि प्लास्टिकचं स्टूल यांनी जमिनीची वाट बंद केली होती. एरवी हीच गोष्ट माणसाला वाचवते, पण त्या वेळी तिनेच त्याला आरसीसीबीपासून लपवलं. तिच्या लेखी तो एक जास्तीचा बल्ब होता. जमिनीची वाट बंद असताना फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी धरणाऱ्या माणसाला जगातली कुठलीही आरसीसीबी वाचवू शकत नाही. कंपनी कितीही मोठी असो, किंमत कितीही असो.

दुसरा गैरसमज ३० या आकड्याचा. "३० मिलिअँपिअरची आहे म्हणजे त्याच्यावर करंट अंगातून जाऊच देणार नाही," असं बरेच जण धरून चालतात. ती करंट अडवत नाही. ती फक्त वेळ कमी करते. माणसाच्या अंगाचा विरोध साधारण १००० ओहम धरतात, ओल्या अंगाचा त्याहून कमी. २३० व्होल्टला हात लागला आणि पाय ओल्या फरशीवर असले, तर २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर अंगातून धावतात. आरसीसीबी पडेपर्यंत पूर्ण २३०. आयएस १२६४० या भारतीय मानकाप्रमाणे गळती ३० मिलिअँपिअर असेल तर तिने जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांत पडायचं असतं, आणि पाचपट म्हणजे १५० असेल तर ४० मिलिसेकंदांत. आपली वीज ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे जेमतेम दोन आवर्तनं. एवढ्या थोड्या वेळात हृदयाचे ठोके बिघडण्याची शक्यता फार कमी होते. हा तिचा उपकार आहे आणि तो लहान नाही. पण झटका बसतो तो बसतोच. शिडीवर असाल तर पडाल. वयस्कर माणूस बाथरूममध्ये असेल तर डोकं फरशीवर आपटेल.

आकड्याच्या खालची बाजूही जाणून घ्या. १५ मिलिअँपिअरपर्यंत तिने पडायचं नाही असा नियम आहे. १५ ते ३० च्या मधे ती पडेलही, नाही पडणारही. आणि मोठ्या माणसाची मूठ साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास आवळायला लागते, लहान मुलांची त्याहून आधी. म्हणजे २० मिलिअँपिअरने माणूस वायरीला चिकटून राहू शकतो, ओरडू शकत नाही, आणि आरसीसीबी नियमात राहून वरच उभी असते.

हे वाचून कुणी ती काढून टाकू नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही गळतीपासूनच्या संरक्षणाची सक्ती आहे, ती कारणाशिवाय नाही. ही शेवटची जाळी आहे. तिच्या आधीच्या जाळ्या शाबूत आहेत का, ते आता बघू.

पायरी १: डीबीचं दार उघडा आणि वाचा

फक्त दार उघडायचं. स्क्रू काढून आतलं पत्र्याचं झाकण उघडायचं काम तुमचं नाही. ज्यावर छोटं टेस्ट बटण आहे ती आरसीसीबी. बटण नसलेल्या बारीक पट्ट्या म्हणजे एमसीबी. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असते. माणूस वाचवणं तिच्या हिशोबात नाही, कारण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने माणसातून जाणारा पाव अँपिअर काहीच नसतो. उलट आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. दोन्ही लागतात. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारी आरसीबीओही मिळते.

आता तिच्या तोंडावरचा आकडा वाचा. ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर लिहिलेलं असेल तर ती माणसासाठी आहे. १०० किंवा ३०० असेल तर ती आग रोखायला आहे, आणि तिच्या भरवशावर बाथरूममधला गिझर सोडता येत नाही. घोडबंदर रोडच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये ताबा घेताना बरेच जण किचनच्या टाइल्स ठोकून बघतात, नळ सोडून बघतात, पण डीबीवरचा हा आकडा वाचणारा मला क्वचित भेटला.

आकड्याजवळ एक छोटी लहरीची खूण असते. नुसती एक लहर असेल तर ती एसी टाइपची (हा एसी म्हणजे एअर कंडिशनर नव्हे, घरातल्या साध्या विजेचा प्रकार). लहरीखाली अर्धगोल उठाव दाखवले असतील तर ए टाइपची. इन्व्हर्टर एसी, इन्व्हर्टर मोटरचं वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या गळतीत डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा) अंश असू शकतो, आणि त्याने एसी टाइपचं कडं आंधळं होऊ शकतं. नवी घेत असाल तर ए टाइप घ्या. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवत असाल तर चार्जरच्या कंपनीने कुठला टाइप सांगितलाय ते कागदावर बघा आणि तोच लावा. तिथे ए टाइपही दर वेळी पुरत नाही.

पायरी २: बटण दाबा, आणि मग घरभर फिरा

कॉम्प्युटर बंद करा, घरच्यांना सांगा. इन्व्हर्टर असेल तर त्याचं पुढचं बटणही बंद करा. मग टेस्ट बटण दाबा. खटका ताबडतोब, ठणकन पडला पाहिजे. नाही पडला, रेंगाळला किंवा दोन-तीनदा दाबावं लागलं, तर ती बदलायची. ठाण्याच्या खाडीकडून येणाऱ्या दमट, खारट हवेत वर्षानुवर्षं न हललेला खटका आतून अडकतो. मी वाशीत आणि कोपरीत अशा आरसीसीबी काढल्या आहेत, ज्या बाहेरून नव्यासारख्या दिसत होत्या आणि बटण दाबल्यावर हलतसुद्धा नव्हत्या. महिन्यातून एकदा दाबायची सवय ठेवा. विजेचं बिल भरायचा दिवस त्याला बरा, लक्षात राहतो.

आता बहुतेकांकडून राहून जाणारं काम. खटका खाली असतानाच घरभर फिरा. फ्रिज, गिझर, एसी, वॉशिंग मशीन, बाथरूमचा दिवा, बाल्कनीतला सॉकेट, एकेक लावून बघा. जे चालू राहील ते आरसीसीबीच्या पलीकडे आहे. त्या लाइनवर शॉक बसला तर ती पडणार नाही, कारण तो करंट तिच्यातून जातच नाही. नेरूळच्या एका घरात सगळं बंद झालं आणि गिझर मात्र तापत राहिला. कुणीतरी पूर्वी "सारखी ट्रिप होते" म्हणून गिझरची लाइन थेट मेन स्विचवरून घेतली होती. घरात ज्या गोष्टीसाठी आरसीसीबी सगळ्यात जास्त हवी, नेमकी तीच बाहेर काढलेली.

इन्व्हर्टरचं बटण बंद असूनही दिवे-पंखे चालू राहिले, तर इन्व्हर्टरची लाइनही आरसीसीबीला टाळून आलेली आहे. आमच्या धंद्यात हे फार होतं. कारण सरळ आहे: इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज एकीकडून आणि न्यूट्रल भलतीकडून असेल तर आरसीसीबी उभीच राहत नाही. मग ती वायरिंग नीट वेगळी करण्यापेक्षा ती लाइनच बाहेर काढणं वायरमनला सोपं जातं. लाइट गेल्यावर आणखी एक गोष्ट होते. बॅटरीवर चालताना इन्व्हर्टरचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला राहतो की सुटतो, हे मॉडेलवर आणि वायरिंगवर ठरतं. सुटलेला असेल तर करंटला जमिनीतून परतायला वाट नसते आणि आरसीसीबीला फरक दिसत नाही. एकाच ठिकाणी हात लागून कदाचित काही होणार नाही, पण दोन वायरींना हात लागला तर पूर्ण २३० व्होल्टचा झटका. म्हणून लाइट गेलीय म्हणजे वायरी मेल्या, असं घरात कुणालाही वाटू देऊ नका. उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या आउटपुटला स्वतःची वेगळी दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) आरसीसीबी, आणि त्या लाइनचा न्यूट्रल बाकीच्या न्यूट्रलपासून पूर्ण वेगळा.

पायरी ३: अर्थिंग. इथे घाई करू नका

टेस्ट बटण पडलं म्हणजे अर्थिंग चांगलं, हा समज चुकीचा आहे. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आतच एका रेझिस्टरमधून खोटा फरक तयार करतं. अर्थची वायर (गळती जमिनीत नेणारी) अजिबात नसली तरी खटका पडतो.

मग अर्थिंग नसलं तर बिघडतं काय? वॉशिंग मशीनच्या आत इन्सुलेशन गेलं आणि फेज पत्र्याला लागला असं धरा. अर्थ असेल तर गळती लगेच अर्थच्या वायरीतून जाते आणि आरसीसीबी तिथेच पडते. त्या वेळी मशीनजवळ कुणी नसलं तरी. अर्थ नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर नुसता थांबून राहतो. करंट कुठेच जात नाही, म्हणून आरसीसीबीला काही कळत नाही. कपडे काढायला अनवाणी माणूस ओल्या फरशीवर आला, पत्र्याला हात लागला, की पहिल्यांदा करंटला वाट मिळते, आणि ती वाट म्हणजे तो माणूस. मग खटका पडेल. पण त्याआधी तिची परीक्षा त्या माणसाच्या अंगावर झालेली असेल.

आता उलटी बाजू. नुसत्या अर्थिंगवर आणि एमसीबीवर भिस्त ठेवली तर? समजा सोसायटीच्या अर्थचा विरोध २० ओहम आहे. पत्र्याला फेज लागला की २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी त्याला जड नाही, ती पडणारच नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र त्याच अर्थवर झटकन पडेल. हिशोबाने तिला १६६७ ओहमपर्यंतचा अर्थही चालतो, कारण तेवढ्या विरोधात ०.०३ अँपिअर गेला तरी पत्रा ५० व्होल्टच्या वर चढत नाही. म्हणून या दोघींची जोडी हवी. एक असताना दुसरी नसेल, तर अर्धंच काम होतं.

घरी तपासायला तीन दिवे असलेला सॉकेट टेस्टर आणा. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. प्रत्येक थ्री-पिन सॉकेटमध्ये घाला. अर्थ नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, हे दिव्यांवरून कळतं. त्याच्यावर ३० मिलिअँपिअरचं बटण असलेला मिळाला तर तोच घ्या. ते बटण खऱ्या अर्थच्या वायरीतून करंट सोडतं, त्यामुळे अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही एकदम तपासले जातात. मल्टिमीटरने फेज-अर्थमध्ये २३० दिसले म्हणून खूश होऊ नका. मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की गंजून धाग्याएवढ्या उरलेल्या अर्थलाही तो २३० दाखवतो. अर्थची खरी ताकद बघायला लूप टेस्टर (अर्थच्या वाटेचा विरोध मोजणारं यंत्र) लागतो, तो वायरमनकडे असायला हवा.

एक धोका दिव्यांनीही पकडला जात नाही. ज्या घरात अर्थच नाही, तिथे काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून छोटी वायर काढून अर्थच्या पिनला लावतात. टेस्टर सगळं ठीक दाखवतो. पण पत्र्यातली गळती त्या वायरीतून पुन्हा न्यूट्रलमध्ये जाते, कड्यातून परत येते, आणि आरसीसीबीचा हिशोब जुळतो. एखाद्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटला तर उपकरणातून फिरून आलेला फेज पत्र्यावर येतो. पायात चप्पल असूनही फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तो फ्रिज प्लगमधून काढा आणि सॉकेट उघडून घ्या. टेस्टरचं ३० मिलिअँपिअरचं बटण दाबून आरसीसीबी पडली नाही, तरी हाच संशय घ्या.

सिडकोने वाशी-नेरूळकडे बांधलेल्या जुन्या घरांत कुठे कुठे अजून फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असलेली पद्धत दिसते. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात जातं, लोक म्हणतात लाइट गेली, आणि फेज प्रत्येक होल्डरपर्यंत पोचलेला असतो. काही स्वस्त आरसीसीबींनाही चालायला फेज-न्यूट्रल दोन्ही लागतात. न्यूट्रल तुटला की त्या निकामी. घेताना दुकानदाराला इलेक्ट्रोमेकॅनिकल मागा. ती गळतीच्याच ताकदीवर पडते.

पायरी ४: सोसायटीत खाली उतरा

तुमच्या घरातली आरसीसीबी तुमच्या डीबीपासून पुढेच बघते. मीटर केबिन, तिथून वर येणारी केबल, पार्किंगचे दिवे, पंप, लिफ्ट, गेटचा दिवा, यांच्याशी तिचा संबंध नाही. जोराच्या पावसात वंदना सिनेमाच्या परिसरात, चिखलवाडीत पाणी भरतं तेव्हा तळमजल्यावरच्या मीटर केबिनमध्ये शिरणाऱ्या पाण्याला वरच्या मजल्यावरची आरसीसीबी काय करणार? रस्त्यावरच्या डीपी बॉक्सभोवती (वीज वाटपाच्या डब्याभोवती), दिव्याच्या खांबाभोवती साचलेल्या पाण्यालाही नाही. असं पाणी दिसलं की लांबून जा आणि वीज तक्रारीच्या १९१२ या नंबरवर फोन करा. कळवा, मुंब्रा, शिळ भागात २०२० पासून वीजपुरवठा टोरंट पॉवर बघते, बाकी ठाण्यात आणि नवी मुंबईत महावितरण.

मीटर केबिनजवळचा अर्थिंगचा खड्डा शोधा. अनेक सोसायट्यांत आवारात पेव्हर ब्लॉक बसवले आणि खड्डाच खाली गेला. चेंबर उघडून बघता आलं पाहिजे, पट्टी गंजून तुटलेली नसावी आणि वर्षातून एकदा विरोध मोजून तो आकडा रजिस्टरमध्ये लिहिलेला असावा. सेक्रेटरींकडे हे रजिस्टर मागा.

आता टाकी. याबद्दल मला मनापासून कळकळ आहे. वर्षातून एक-दोनदा जमिनीखालच्या टाकीची सफाई होते. गुडघाभर पाणी उरलेलं, त्यात छोटा सबमर्सिबल पंप सोडलेला, त्याची वायर दोन ठिकाणी टेपने जोडलेली, आणि दोन मुलं आत उतरून पाणी उपसत आहेत. वर वॉचमनच्या केबिनमधल्या सॉकेटला ती वायर लावलेली. त्या सॉकेटला आरसीसीबी आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. असली तरीही पंप चालू असताना माणूस पाण्यात असता कामा नये. पाण्यातला माणूस झटक्याने आखडून पडला तर ४० मिलिसेकंदांत वीज तुटूनही तो बुडू शकतो. आधी पंपाने पाणी काढा, प्लग हाताने उपटून बाजूला ठेवा, मगच माणूस उतरू द्या. उजेडाला बॅटरीचा टॉर्च द्या, २३० व्होल्टचा बल्ब वायरीला लटकवून नाही. ती मुलं तुमच्या सोसायटीची नोकर नसतील, पण त्या वेळेपुरती जबाबदारी तुमचीच आहे.

गणपतीच्या मांडवालाही हेच लागू. मांडवाच्या लाइनला वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, आणि माळांचे जोड हाताच्या उंचीच्या वर, पत्र्यापासून आणि लोखंडी खांबांपासून दूर ठेवा. मुलांच्या हातात माळेच्या दोन्ही उघड्या वायरी एकदम आल्या तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

पावसाळ्यात ती सारखी पडते तेव्हा

लोक आरसीसीबी काढून टाकतात ते याच दिवसांत. रात्री दोनला पडते, पंखा बंद, लहान मूल रडतं, आणि सकाळी वायरमन येऊन दोन वायरी थेट जोडून जातो. तसं करू देऊ नका.

सगळ्या एमसीबी खाली करा, जड उपकरणांचे प्लग काढा, आरसीसीबी वर करा. ती थांबली तर एकेक एमसीबी वर करत जा. जिला ती पडली, त्या लाइनवर दोष. मग त्या लाइनवरचं एकेक उपकरण. गिझर, बाहेरच्या भिंतीतला दिवा, एसीचं बाहेरचं युनिट, बाल्कनीतला सॉकेट, हे नेहमीचे. सगळ्या एमसीबी खाली असतानाही ती उभी राहत नसेल, तर बहुतेक कुठेतरी न्यूट्रल अर्थला किंवा ओल्या भिंतीला लागलाय. एक पोलची एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून ती खाली असूनही दोष कायम राहतो. त्यासाठी वायरमनने एकेक न्यूट्रल सोडवून बघायला लागतो.

कधी कधी खरा दोष नसतो. एलईडीचे ड्रायव्हर, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी या प्रत्येकाची थोडी-थोडी गळती असते. सगळं घर एकाच आरसीसीबीवर असेल तर ती बेरीज १५ ते ३० च्या मधे जाऊन पोचते. अशा वेळी घर दोन किंवा तीन आरसीबीओंवर वाटून घ्या. खर्च होतो, पण एका खोलीत दोष आला म्हणून सगळं घर अंधारात जात नाही, आणि आरसीसीबी काढून टाकायचा मोहही होत नाही.

स्वतः हात घालताना

बल्ब बदलणं यापलीकडे काहीही करताना मेन स्विच खाली. नुसतं बटण नाही, कारण उलट्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच राहतो. इन्व्हर्टर वेगळा बंद करा. टेस्टर आधी चालू सॉकेटला लावून तो पेटतो हे बघा, मग कामाच्या दोन्ही वायरींना लावा. दोन सोललेली टोकं दोन हातांत एकदम कधीही धरू नका, लाइट बंद असली तरी. हात ती सवय धरतो आणि एखाद्या दिवशी लाइट बंद नसते.

मायक्रोवेव्ह उघडू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूला साधारण २००० व्होल्ट असतात. तो करंट ट्रान्सफॉर्मरमध्येच परत जातो, त्यामुळे आरसीसीबीला त्यातलं काहीच दिसत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

कुणी चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका. मेन स्विच खाली करा, इन्व्हर्टर बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या दांड्याने वायर दूर करा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि वेगाने दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. माणूस उठून "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.

वायरमनला नेमकं काय सांगायचं

"अर्थिंग चेक करा" असं सांगितलं की तो टेस्टर लावून "ठीक आहे" म्हणून जाईल. असं सांगा: प्रत्येक सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचं बटण दाबून माझ्यासमोर आरसीसीबी पाडून दाखवा. इन्व्हर्टरच्या सॉकेटवर मेन बंद ठेवून तेच करून दाखवा. लूप टेस्टरचा आकडा कागदावर लिहून द्या. सॉकेटमागे न्यूट्रलचा जम्पर (अर्थच्या पिनला लावलेली छोटी वायर) कुठे आहे का ते उघडून दाखवा. बटणं फेजवर आहेत ना, ते दाखवा. त्याच्याकडे सरकारी परवाना आहे का, ते आधी विचारा. परवाना असलेल्या माणसाला हा प्रश्न लागत नाही, तो खिशातून कार्ड काढतो.

शेवटी एक मार्कर घ्या आणि डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक एमसीबीसमोर लिहा: गिझर, हॉल ट्यूब, किचन, इन्व्हर्टर. खाली टेस्ट बटण दाबल्याची तारीख. काकूंच्या घरी आता बोर्डावरच्या सहाही बटणांखाली त्यांच्या नातीच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, आणि तिसऱ्या चिठ्ठीवर लिहिलंय, "ट्यूब".